पहिल्या वर्षी पाण्याचा जग हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून बदलीवर लातूरला आलेल्या, औसा रोडच्या बाजूला राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंना आठवड्यातले तीन-चार तास परिसरासाठी द्यायचे आहेत. कार्यक्रम कुठं कळतात, कामं कोणती असतात, कुणी दाद देत नसेल तर स्वतःचाच ग्रुप काढावा का, असं त्या विचारतात. सात वर्षांचा मुलगा आहे, त्याला सोबत आणलं तर चालेल का, हेही विचारलंय.

ताई, मुलाचं शेवटी सांगते. ग्रुप मात्र काढू नका, निदान एक वर्ष तरी.

आधी माझं सांगते, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी २००२ पासून विद्यार्थ्यांची मेस चालवते. समाजसेविका वगैरे कुणी मला म्हणत नाही, मीही म्हणत नाही. शंभर माणसांना दहा किलो तांदूळ आणि चार-साडेचार किलो तूरडाळ लागते हे मला तोंडपाठ, म्हणून कॉलनीतल्या सप्ताहाची मंडळी एकदा विचारायला आली. तिथून मी भटारखान्यात, तिथून गणेश मंडळात, मग रक्तदान, मग झाडं. गुंतत गेले. त्यामुळे मला दिसतं ते भटारखान्याच्या बाजूनं, स्टेजच्या बाजूनं नाही.

त्या बाजूनं एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. आपल्याकडं कार्यक्रमाच्या दिवशी माणूस कमी पडत नाही, पडतो तो दुसऱ्या दिवशी. झाड लावायला चाळीस हात, मार्च महिन्यात त्याला पाणी घालायला दीड. महाप्रसाद वाढायला पोरांची भांडणं, कढई घासायला कुणीच नाही. तुम्हाला खरंच जागा हवी असेल तर ती दुसऱ्या दिवशीच्या कामात आहे, आणि ती बारमाही रिकामी असते. नवा ग्रुप काढला की तुम्ही आणखी एक पहिला दिवस तयार करता. शिवाय ओळख नसताना बॅनर लागला की लोकांचा पहिला प्रश्न ‘काय करणार?’ हा नसतो, ‘बाई कुणाच्या?’ हा असतो. म्हणजे कोणत्या पक्षाच्या, कोणत्या नेत्याच्या. महापालिकेची निवडणूक जवळ असली तर विचारूच नका.

कार्यक्रम कळण्याचं म्हणाल तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवस कळतात. बाकी सगळं गिरणीत कळतं. पोत्यानं गहू दळायला आला की समजायचं, कुठंतरी हरिनाम सप्ताह बसतोय. गिरणीवाल्याला कुणाचा, कधी, काल्याचं कीर्तन कुणाचं, सगळं ठाऊक असतं. दुसरी जागा म्हणजे देवळाचा फळा. तिसरी, मंडप-डेकोरेशनवाल्याचं दुकान. त्याच्या वहीत अख्ख्या भागाचं वर्ष लिहिलेलं असतं. एका रविवारी सकाळी या तिन्ही ठिकाणी जाऊन या.

वर्ष साधारण असं फिरतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरात हळदीकुंकू. फेब्रुवारीत १९ तारखेला शिवजयंती. महाशिवरात्रीला आपल्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वराची यात्रा. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, अक्षय्य तृतीयेला महात्मा बसवेश्वरांची, ३१ मे अहिल्यादेवींची, १ ऑगस्ट अण्णाभाऊंची. मग गणपती, त्यातच कधी १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. नवरात्र, कोजागिरी, आणि डिसेंबर-जानेवारीत येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. रमजानमध्ये इफ्तारीची बोलावणी येतात, जायचं. या यादीतल्या एकेका जयंतीला एकेकच समाज जातो, असं तुम्हाला दिसेल. तुम्ही नवीन आहात, तुमच्यावर अजून कुणाचा शिक्का नाही, तोवर सगळीकडं जाऊन घ्या. ही सवलत दोन वर्षंच मिळते.

आता काम कसं मागायचं. ‘काही मदत लागली तर सांगा’ असं कधीच म्हणू नका. असं म्हणणाऱ्याला पन्नास वर्षांत कुणी काही सांगितलेलं नाही. नेमकं काम मागा. सप्ताहात पाणी वाढायचं मागा. बुंदी वाढणाऱ्याला सगळे हाका मारतात, पण तो दोन फेऱ्यांत मोकळा होतो. पाण्याचा जग घेतलेला माणूस पंगत बसल्यापासून उठेपर्यंत फिरतो, प्रत्येकापाशी दोनदा-तीनदा वाकतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला अख्खी गल्ली नावानं माहीत होते. कोणत्या आजीचे हात थरथरतात, कोण रोज एकटंच येऊन जेवतं, कोणतं लेकरू घरी न्यायला दोन पोळ्या पदराआड ठेवतं, हे पाणी वाढणाऱ्याला दिसतं. अशी पोळी दिसली तर बघून न बघितल्यासारखं करायचं आणि पुढच्या फेरीला त्या पानात आणखी दोन टाकायला सांगायचं.

पंगत उठल्यावरचं पहिलं काम पत्रावळ्यांचं. बहुतेक ठिकाणी पोतं एकच ठेवलेलं असतं, त्यात खरकटं, पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास, पत्रावळ सगळं एकात एक. घंटागाडीवाला तसं घ्यायला कुरकुरतो आणि त्याचं बरोबरच असतं, कारण ओला आणि सुका कचरा वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आपलंच काम आहे. आम्ही काय केलं सांगते. हात धुवायच्या जागेच्या अलीकडं तीन टोपल्या ओळीनं मांडल्या: पहिलीत उरलेलं अन्न, दुसरीत ग्लास, तिसरीत पत्रावळ. पलीकडं मांडल्या होत्या तेव्हा कुणी बघितल्यासुद्धा नाहीत, कारण हात धुतल्यावर माणूस कशाला हात लावत नाही. वार्निश लावल्यासारखी चकाकणारी पत्रावळ असेल तर ती ओल्यात टाकायची नाही, तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. नखानं ओरबाडून बघा, निघतो. टोपल्यांपाशी एक माणूस मात्र उभा लागतो. ते काम कुणी मागत नाही. तुम्ही मागितलंत तर सप्ताहाचे अध्यक्ष तुमचं नाव विसरणार नाहीत.

पैशाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुम्ही बँकेत आहात. गणपतीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणणार, ‘मॅडम बँकेत आहेत, खजिनदार मॅडम!’ हसून नाही म्हणा. मी एके वर्षी हो म्हटलं होतं. मंडळाचं खातं उघडायचं राहिलं, म्हणून वर्गणी माझ्याच फोनवर घ्या म्हणाले, मी क्यूआर दाखवत फिरले. मेसची फी आणि वर्गणी एकाच खात्यात आली, आणि शेवटी १,३४० रुपयांचा मेळ बसेना. मी ते खिशातून भरले. तरी पुढं दीड वर्ष एक गृहस्थ माझ्या घरासमोरून जाताना खाकरून जायचे. तेव्हापासून नियम एकच: मंडळाचा पैसा मंडळाच्या खात्यात, नाहीतर पावतीपुस्तकावर रोख. आणि नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची कलम ४१ क खाली परवानगी लागते, नंतर हिशोबही द्यायचा असतो. पोरांना हे माहीत असतं, पण अर्ज भरायचा कंटाळा असतो. अर्ज तुम्ही भरून द्या. आणि पाचव्या दिवशी मंडपात काळ्या फळ्यावर खडूनं आतापर्यंतचा जमाखर्च लिहायला लावा. त्या फळ्यानं वर्गणी वाढते, हे मी सलग सहा वर्षं बघितलंय.

आवाजावरून भांडणं होतात, तीही तुमच्या कानावर येतील. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा कायदा. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं. लातूरमध्ये अडचण वेगळी आहे. इथल्या निम्म्या घरांच्या वरच्या मजल्यावर शिकायला आलेली पोरं राहतात. फेब्रुवारी-मार्चला बारावी, मेमध्ये नीट. मंडळाला डेसिबल सांगून काही होत नाही. ‘वर सात पोरं आहेत, त्यांचा सोमवारी फिजिक्सचा पेपर आहे’ असं सांगितलं की आवाज खाली येतो. आपली माणसं नियमाला नाही, पेपरला मान देतात.

मंडळाच्या पोरांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. नाचतात, गुलाल उधळतात, सगळं खरं. पण १९९३ चा गणपती मला आठवतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून पोरं मध्यरात्री झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा कॉलेजला होते. सकाळी किल्लारीची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीतून औसा रोडनं निघालेला पहिला टेम्पो हा मूर्ती नेलेलाच होता, चाकांना गुलाल तसाच. मंडपाचे बांबू, दोरखंड, ताडपत्री, जनरेटर, सगळं मंडळाचं. आम्ही बायका दिवसभर भाकरी थापत होतो. कोण गाडी चालवणार, कोण सामान मोजणार, हे कुणाला ठरवावं लागलं नाही, दहा दिवस ते तेच करत होते.

रक्तदानाचं थोडं गणित आहे, ते एकदा समजून घ्या. शिबिरं होतात जयंत्यांना, कारण फोटो जयंतीला चांगला येतो. पण पिशवीतल्या लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. १९ फेब्रुवारीचं रक्त एप्रिल उजाडताच संपलेलं असतं, १४ एप्रिलचं मे अखेर. आणि मे महिन्यातच कॉलेजं बंद, क्लासेसची पोरं गावी, म्हणजे देणारे शहरात नाहीत. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणून शिबिर भरवू नका, वही करा. आमच्याकडं दोनशे पानी वही आहे: नाव, रक्तगट, शेवटी कधी दिलं. पुरुषाला तीन महिन्यांनी देता येतं, बाईला चार. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आपल्या बायकांचं घोडं या शेवटच्या आकड्याला अडतं. शिबिरात नाव नोंदवलेल्या बायकांपैकी कितीतरी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातात, आणि त्याचं पुढं कुणी काही करत नाही. त्यांना तिथल्या तिथं घरी न पाठवता दवाखान्याची वाट दाखवणं, महिन्याभरानं पुन्हा विचारणं, हे काम तुम्ही अंगावर घेतलंत तर ते शिबिराहून मोठं आहे. मे महिन्यात रोज एक, असे वहीतले लोक रक्तपेढीत पाठवायचे. एका दिवशी साठ नकोत.

झाडांचं फार लांबवत नाही. जुलैत एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा, आपटा यांतलं लावा. नर्सरीतून फुटभर रोप आणू नका, कमरेएवढं आणा, नाहीतर शेळी खाते. दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी मिळालं तर झाड आपलं आपण जगतं. पाणी कुठून आणायचं? घराघरातलं आरओचं फिल्टर बहुतेकदा जेवढं पाणी शुद्ध करतं त्याहून जास्त बाहेर टाकतं. ते जड पाणी गुलाबाला चालत नाही, पण कडुनिंब-करंजाला आम्ही पाच उन्हाळे घालतोय, तक्रार नाही. प्रत्येक झाडाला एक घर नेमून द्या आणि झाडावर त्या घरातल्या शाळकरी पोराचं नाव लावा. नगरसेवकाचं लावलं तर पाणी नगरसेवकानंच घालावं, असं लोकांना वाटतं.

पाण्यावरून २०१६ सांगायलाच हवं, कारण आमची सगळ्यात उपयोगी वस्तू त्या वर्षी तयार झाली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. क्लासेस बंद झाले, पोरं गावी गेली, माझी मेस दोन महिने बंद. टँकर आला की दणकट माणसं पुढं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रिकामी घागर घेऊन तसेच. मग आम्ही चौघींनी घरोघर फिरून यादी केली: कुठल्या गल्लीत कोण एकटं राहतं, कितव्या मजल्यावर, गुडघे कसे आहेत, मुलाचा फोन कोणता. त्यांच्या घागरी आधी भरायच्या, असं टँकरपाशी उभं राहून ठरवून घेतलं. पाऊस आला, रेल्वे थांबली, यादी राहिली. आज दर सहा महिन्यांनी ती दुरुस्त करतो. करोनात तिच्यावरूनच औषधं पोचवली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांना तीच यादी लागते.

आणि ताई, हे काम तर जणू तुमच्यासाठीच मांडून ठेवलंय. नोव्हेंबर आला की पेन्शनवाली मंडळी रिक्षा करून बँकेत रांगेला बसतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हाच हयातीचा दाखला, निघतो हे निम्म्यांना माहीत नाही, आणि माहीत आहे त्यांना भीती वाटते. दोन रविवार देवळाच्या सभामंडपात टेबल टाकून बसा. उजेड समोरून येईल अशी खुर्ची ठेवा, नाहीतर चेहरा घेत नाही. ओटीपी त्यांचा त्यांनीच टाकायचा, घरातलं माणूस असेल तर शेजारी बसवायचं. बँकेच्या बाई म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून बसताय हे आधीच सांगून टाका, नाहीतर कर्जाची चौकशी सुरू होते.

विद्यार्थ्यांचं मात्र जपून. या शहरात सतरा-अठरा वर्षांची हजारो पोरं आईबापापासून लांब खोली करून राहतात. शिकवायला जाऊ नका, शिकवणारे ढिगानं आहेत. पोरगं ताट तसंच टाकून उठलं, दोन दिवस जेवायला आलं नाही, एकदम फार शांत झालं, हे मेसवालीला आधी कळतं. घरमालकिणीला कळतं. अशा वेळी भाषण द्यायचं नाही, सोबत बसून जेवायचं. गंभीर वाटलं तर थांबायचं नाही: टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, तो आमच्या मेसच्या दारामागं लिहिलेला आहे, घरी फोन लावायचा तो वेगळाच. कॉलेजच्या पोरांचा दुसरा उपयोगही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या पोराला वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला भेटून तुमची यादी, वही, झाडं सांगा. नेमकं काम आणि वेळ दिली तर पोरं येतात, आणि तास भरले तरी त्यातली दोन-तीन टिकतात.

येळवस तुम्ही अजून बघितलेली नसणार. दर्श अमावस्येला लातूर अक्षरशः ओस पडतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे झोपडी, तिच्यात पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ. ज्याचं शेत नाही त्याला दहा जणांचं बोलावणं असतं, पण ते ओळख असली तर. माझ्याही मेसला त्या दिवशी कुलूप असतं, आणि विदर्भातून, खानदेशातून आलेली पोरं खोलीत बिस्किटं खात बसतात, हे मला कितीतरी वर्षं सुचलंच नव्हतं. गेल्या काही वर्षांत आम्ही शेतवाल्या घरांना आधीच विचारतो, तुमच्याकडं किती लेकरं पाठवू? कुणी दोन म्हणतं, कुणी सहा. मग कोण कुणाच्या गाडीत बसणार याचा कागद. हा कागद करायला मला दरवर्षी माणूस लागतो, कारण ऐन वेळी दोघांचे फोन लागत नाहीत आणि एकाची गाडी भरलेली निघते. या वर्षी तुम्ही करा. तुमची सोय मी लावते, भादा रस्त्याच्या बाजूला एक शेत आहे, भज्जी तिथल्यासारखी कुठं नाही.

आता मुलाचं. आणा की. पंगतीत लेकरांना पूर्वीपासून एक काम ठरलेलं आहे, मीठ वाढायचं. वाटी हलकी, सांडलं तर नुकसान नाही, आणि पानं मांडल्यावर सगळ्यात आधी तेच फिरतं. पानाच्या वरच्या बाजूला एक चिमूट, आणि पुढं. त्याला एवढंच सांगा की हात कोरडा ठेव, ओल्या बोटाला मीठ चिकटतं आणि मग एका पानात ढीग पडतो, दहा पानं तशीच राहतात.